सेनेगलच्या परातीतली कणी

सेनेगलची राजधानी दाकार, तिथल्या बंदराच्या धक्क्यावर जहाजाच्या पोटातून वर येणारी ही पोती तांदळाची आहेत, परंतु अखंड तांदळाची नाहीत. एखादे पोते उसवले की धक्क्यावर सांडते ती कणी, म्हणजे गिरणीत सडताना तुटलेले दाणे. आपल्याकडे कणीची पेज होते, ती कोंबड्यांच्या खाद्यात जाते आणि अलीकडे इथेनॉलच्या कारखान्यांतही पोहोचते. विदुराघरच्या कण्या श्रीकृष्णाने गोड मानून घेतल्या, त्या कथेतही कण्या येतात त्या गरिबीची खूण म्हणूनच. पश्चिम आफ्रिकेच्या टोकाला वसलेल्या सेनेगलमध्ये मात्र कणी हेच मानाचे अन्न आहे. हा देश वर्षाला साधारण 10 लाख टन तांदूळ बाहेरून आणतो आणि त्यातला मोठा भाग कणीचाच असतो.

चित्रफितीत समोर दिसणाऱ्या या सेनेगली घराच्या अंगणात आता दुपारच्या जेवणाची तयारी चालली आहे. माशाला चिरा देऊन त्यात लसूण, मिरची आणि कोथिंबिरीसारख्या पाल्याचे वाटण भरले जाते, मासा तेलात परतून बाजूला ठेवला जातो आणि त्याच तेलात टोमॅटोचा गर लाल होईपर्यंत शिजतो. मग पाणी पडते, त्यात कोबी, गाजर, वांगे आणि कसावा या कंदाचे मोठे तुकडे उकळतात, आणि त्याच भांड्यावर, आपल्या मोदकपात्रासारख्या भोकाच्या टोपलीत, कणी वाफेवर ठेवली जाते. भाज्या निघाल्या की ही अर्धवट शिजलेली कणी रश्श्यात उतरते आणि सगळा रस पिऊन घेते. भांड्याच्या तळाशी धरलेली खरवड काढून घेण्यासाठी मुले आधीपासूनच रेंगाळत आहेत. हा ‘चेबु जेन’, म्हणजे मासे-भात. सें-लुई शहरातील पेंडा म्बाय या स्वयंपाकिणीकडे त्याचे जनकत्व दिले जाते आणि 2021 मध्ये युनेस्कोने त्याची नोंद मानवजातीच्या अमूर्त वारशात केली. अखंड तांदळाचा चेबु जेन इथल्या गृहिणीला फिका वाटतो.

ही चव आली कुठून, हे शोधायचे तर भुईमुगाच्या शेतात जावे लागते. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समधील तेलाच्या व साबणाच्या कारखान्यांना शेंगदाणा हवा होता. 1885 मध्ये दाकार ते सें-लुई रेल्वे सुरू झाली आणि तिच्या दोन्ही बाजूंनी भुईमूग पसरत गेला. ज्या जमिनीवर बाजरी आणि ज्वारी उभी राहायची, तिथे शेंगा वाळू लागल्या. शेंग विकून हाती पैसा आला, मात्र घरातली कणगी रिकामी राहू लागली. त्याच फ्रेंच साम्राज्याच्या दुसऱ्या टोकाला, इंडोचायनात, म्हणजे आजच्या व्हिएतनाम आणि शेजारच्या प्रदेशात, सायगावच्या गिरण्यांत अखंड तांदूळ इतर बाजारांसाठी निवडून काढल्यावर कणीचे ढीग उरत असत, आणि ते जहाजांतून सेनेगलला येऊ लागले. एका वसाहतीत गाळून खाली राहिलेले धान्य दुसऱ्या वसाहतीच्या पोटाला लावण्याचा हा व्यवहार होता. 1960 मध्ये सेनेगल स्वतंत्र झाला, कणी थायलंड, व्हिएतनाम, पाकिस्तान आणि भारतातून येऊ लागली. धक्का तोच राहिला. जानेवारी 1994 मध्ये सीएफए फ्रँक या इथल्या चलनाचे मूल्य निम्म्यावर आणले गेले, आयात तांदूळ एकाएकी महागला, तरीही शहरांची परात बाजरीकडे परत वळली नाही.

भात या मातीला परका मात्र नाही. दक्षिणेच्या कासामान्स प्रदेशात जोला समाजाचे शेतकरी आफ्रिकेच्या स्वतःच्या भातजातीची लागवड पिढ्यान्पिढ्या करत आले आहेत, पण ती गोष्ट वेगळ्या चित्रफितीची आहे. आपण आलो आहोत उत्तरेला, सेनेगल नदीच्या काठी.

समोर दिसते ते दियामा धरण, 1986 मध्ये पूर्ण झालेले. त्याआधी कोरड्या ऋतूत नदीचा प्रवाह क्षीण झाला की समुद्राचे खारे पाणी पात्रातून आत, फार लांबवर शिरत असे आणि काठची जमीन असून नसल्यासारखी होई. हे दरवाजे खाऱ्या पाण्याला अडवतात. वरच्या अंगाला, मालीमधील मनांताली धरण 1988 पासून पावसाचे पाणी साठवून ते वर्षभर सोडते. या दोन धरणांमुळे वाळवंटाच्या उंबरठ्यावर वर्षाला भाताची दोन पिके शक्य झाली आहेत. पंप सुरू झाला की पाणी कालव्यातून वाफ्यांत कसे पसरते ते पाहा. लवकर तयार होणाऱ्या ‘साहेल 108’ सारख्या वाणांपासून इथे हेक्टरी 5 ते 6 टन भात निघतो. दाणा भरू लागला की दाणे टिपणाऱ्या, चिमणीएवढ्या क्वेलिया पक्ष्यांचे थवे ढगासारखे उतरतात आणि मुले, बायका, म्हातारी माणसे गोफणी, डबे, जुन्या ध्वनिफितींची पट्टी, जे हाती लागेल ते घेऊन पहाटेपासून बांधावर उभी राहतात.

मग तरीही कणी बाहेरून का आणावी लागते, अडते कुठे? आमच्या मते शेतात नव्हे, शेत आणि परात यांच्यामधल्या वाटेवर. हंगामासाठी घेतलेले कर्ज भात विकल्यावर फेडायचे असते; विक्री लांबली की परतफेड लांबते, परतफेड लांबली की पुढचे कर्ज मिळत नाही, आणि दुसऱ्या पिकाची पेरणीची वेळ टळून जाते. अनेक गिरण्यांत दाणा निवडण्याची यंत्रे नसल्याने अखंड, तुटका आणि खडा एकाच पोत्यात भरला जातो, तर दाकारच्या घाऊक व्यापाऱ्याला आयात कणी एकसारखी आणि उधारीवर मिळते. 2017 पर्यंत तांदळात स्वयंपूर्ण होण्याचे उद्दिष्ट 2014 मध्ये जाहीर झाले होते; ते गाठले गेले नाही.

2008 च्या जागतिक भाववाढीत दाकारच्या रस्त्यांवर मोर्चे निघाले. 9 सप्टेंबर 2022 रोजी भारताने कोंबड्यांचे खाद्य आणि इथेनॉल यांची गरज पुढे करून कणीची निर्यात बंद केली, आणि आपल्या कोंबड्यांचा घास इथल्या माणसांच्या परातीशी कसा जोडलेला आहे ते दिसले. पुढे दोन सरकारांमधील व्यवहारातून काही कणी सेनेगलला मिळाली.

मार्च 2025 मध्ये ही बंदी उठली. खोऱ्यात उन्हाळी भाताची पेरणी होते तीही फेब्रुवारी-मार्चमध्येच, आणि त्याची कापणी जून-जुलैमध्ये येते. पिंपावर पेंढ्या आपटून झोडणी करणाऱ्या या बायका ज्या पोत्यांत भात भरत आहेत, त्यांतल्या बऱ्याच पोत्यांवर आयात तांदळाचा छापा अजून तसाच आहे.