थंब लागत नाही त्यांच्यासाठी

नमस्कार मंडळी. आज जरा कंपनीच्या गेटवर थांबून बोलूया. आपल्या कोल्हापूरकडची शिरोली असू दे, गोकुळ शिरगाव असू दे नाहीतर कागलची पंचतारांकित एमआयडीसी, सकाळच्या शिफ्टला काय चाललेलं असतं ते तुम्हाला सांगायला नकोच, लाईन लागलीय, पुढचा माणूस हजेरीच्या मशीनवर बोट ठेवतोय, मशीन म्हणतंय परत ठेवा, तो बोट पँटला पुसून परत ठेवतोय, आणि मागनं कोणतरी ओरडतंय, अरं आवर की लेका.

त्या माणसाची काय चूक नसते बरं का. बोटावरच्या बारीक रेषा मशीन वाचतं, आणि फाउंड्रीत, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्यात, मोल्डिंगला (साचे करायला) दिवसभर वाळूत हात असला, फेटलिंगला (ओतलेला माल घासायला) ग्राइंडर धरला, की त्या रेषा झिजतात. गवंडी, सिमेंटची पोती उचलणारे, हुपरीत चांदीला पॉलिश मारणारे, सगळ्यांचं तेच, वय झालं की अजून पुसट. शिवाय बरेच सेन्सर कातडीच्या ओलाव्यावर चालतात, त्यामुळं थंडीत कोरडं बोट ते ओळखतच नाहीत. म्हणजे जो जास्त राबतो त्याचीच हजेरी लागत नाही, आणि एसीतल्या साहेबांचा थंब मात्र पहिल्या झटक्यात. असला हा कारभार.

मार्च २०२० मध्ये कोरोनामुळं केंद्र सरकारनं आपल्या ऑफिसातली बोटाची हजेरी थांबवली, आणि तिथनं हात न लावता चालणाऱ्या मशिनींची चलती झाली. माझं म्हणणं असं की इन्फेक्शनचं कारण बाजूला ठेवलं तरी आपल्या फाउंड्रीवाल्यांना ही मशिनी आधीच पाहिजे होती.

ह्यात तीन प्रकार. डोळ्याच्या बाहुलीभोवतीचा रंगीत भाग वाचणारं, ते महाग, आणि गॉगल काढायला लागतो. दुसरं तळहाताच्या शिरा वाचणारं. हात थोडा लांब धरायचा, मशीन न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाश टाकतं, शिरेतलं ऑक्सिजन कमी झालेलं रक्त तो प्रकाश शोषून घेतं आणि शिरांचं जाळं काळं उमटतं. हे सगळं कातडीच्या आत असतं, वरनं हात कितीबी झिजू दे. तिसरं चेहऱ्याचं, जे आता जास्त दिसतं. ते चेहऱ्याचे आकडे करून ठेवतं आणि रोज ते आकडे जुळवून बघतं. चांगल्या मशिनीत इन्फ्रारेड कॅमेरा असतो, त्यामुळं अंधारात पण चालतं, आणि कोणी मित्राचा फोटो मोबाईलवर दाखवला तर हाणून पाडतं. स्वस्तातलं घेतलं तर ह्याची गॅरंटी नाही, घेताना स्वतः फोटो धरून बघा.

मास्कचं मात्र अवघड होतं. अमेरिकेच्या निस्ट ह्या सरकारी संस्थेनं २०२० मध्ये तपासलं, तर कोरोनाच्या आधी बनलेली सॉफ्टवेअर मास्क घातल्यावर ५ पासून ५० टक्क्यांपर्यंत चुकत होती. नंतरची पुष्कळ सुधारली. आणि एक साधी गोष्ट जी बसवणारा कोण सांगत नाही, गेट पूर्वेला असलं आणि माणसाच्या पाठीमागं सकाळचं ऊन आलं, की कॅमेऱ्याला तोंड काळंच दिसतं. मशीन थोडं वळवलं, वर पत्रा टाकला की काम झालं.

आता ह्याच मशीनला जोडून ताप बघणारा सेन्सर येतो, आणि इथं माझं जमत नाही. तो कपाळाची कातडी बघतो, पोटातलं टेंपरेचर नाही. कातडी आतल्यापेक्षा थंड असते, म्हणून मशीन अंदाजानं काही डिग्री वाढवून आकडा दाखवतं. सायकल मारत उन्हातनं आलेला चांगला ठणठणीत माणूस मशीनवर लाल, म्हणजे ताप असलेला दिसतो, आणि जुलैच्या पावसात भिजत आलेला, खरंच तापलेला, हिरवा दिसून आत जातो. पॅरासिटामॉल घेऊन आलेला तर दिसणारच नाही, आणि कोरोना असून लक्षणं नसलेल्याला तर तापच नसतो. जरा नीट मोजायचं तर एकेक माणूस उभा करून, चष्मा काढून, डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यावर मोजावं लागतं, शिफ्टच्या गर्दीत कोण करतंय?

म्हणून मशीन लाल झालं की लगेच घरी पाठवू नका. सावलीत थोडा वेळ बसवा, साध्या थर्मामीटरनं परत बघा, १००.४ फॅरनहाइट किंवा वर गेला तर डॉक्टर. ठेकेदाराच्या माणसाचा तर घरी पाठवलं की दिवसाचा पगारच गेला, मग तो पुढच्या वेळी गोळी खाऊनच येणार ना. ईएसआयसी, म्हणजे कामगारांचा सरकारी विमा, असली आणि अटी बसल्या तर आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के पगार मिळतो, खरंय, पण सहसा पहिले दोन दिवस धरत नाहीत, आणि साधा ताप असतोच किती दिवस! ते दोन दिवस कंपनीनं भरून दिले तर गेटवरच्या सेन्सरपेक्षा जास्त फरक पडेल, असं माझं मत.

शेवटचं एक. कार्ड हरवलं तर नवीन मिळतं, चेहरा नवीन मिळत नाही. २०२३ च्या डिजिटल डेटा संरक्षण कायद्यात काम संपलं की माहिती पुसायची जबाबदारी कंपनीवर टाकलीय, आणि माहिती सांभाळण्यात हयगय झाली तर दंड २५० कोटींपर्यंत जाऊ शकतो. तेव्हा नोकरी सोडताना पीएफचे कागद मागता तसं एचआरला हेही विचारा, माझा चेहरा मशीनमधनं काढला का, आणि ठेकेदाराच्या कॉम्प्युटरवर कॉपी आहे का. आणि मालक मंडळी, गेटवर एक वही-पेन ठेवाच, लाईट गेली म्हणून कुणाचा अर्धा दिवस कापू नका. चला, वेळ झाली, रामराम.