तिसऱ्या घंटेच्या आधी

संध्याकाळचे सात वाजून दहा मिनिटे झाली आहेत. नाट्यगृहाची दारे अजून उघडलेली नाहीत. विंगेत, काळ्या पडद्याला खेटून, वीस वर्षांची एक विद्यार्थिनी उभी आहे. तिच्या एका कानावर हेडसेट आहे, गळ्यात दोरीने अडकवलेली छोटी बॅटरी आहे आणि हातातल्या पॅडला तीन कागद लावलेले आहेत. पहिल्या कागदावर आजच्या कार्यक्रमाचा प्रत्येक मिनिट लिहिलेला आहे. पहिली घंटा कधी, दुसरी कधी, तिसरी कधी, पडदा कधी, आणि त्या प्रत्येक वेळेसमोर प्रकाशाची खूण, ध्वनीची खूण आणि रंगमंचावर कोणती वस्तू कोण नेऊन ठेवणार त्याची नोंद. सात त्रेपन्नच्या ओळीवर पेन्सिलीने काट मारून शेजारी नवा क्रम लिहिला आहे. तबलावादकांची गाडी सायनजवळ वाहतुकीत अडकली आहे, म्हणून त्यांची साथ असलेले गाणे दोन क्रमांकांनी मागे गेले आहे. हा निर्णय तिने स्वतः घेतला, प्रकाशयोजना आणि ध्वनी सांभाळणाऱ्या मुलांना कळवला, आणि निवेदकाच्या हातातली जुनी चिठ्ठी काढून घेऊन त्याला नवी दिली. तिचे प्राध्यापक प्रेक्षागृहाच्या शेवटच्या रांगेत बसले आहेत आणि ते मुद्दामच जागेवरून उठलेले नाहीत.

ही तिची परीक्षा आहे. मनोरंजन व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमातील एका विषयाचे गुण आज रात्री ठरणार आहेत.

मनोरंजनाच्या क्षेत्रात काम करायचे म्हणजे अभिनय, गायन किंवा दिग्दर्शन करायचे, अशी आपल्याकडे जुनी समजूत आहे. मुलीने असे शिक्षण घ्यायचे ठरवले की घरात पहिला प्रश्न येतो, "म्हणजे तू नक्की काय करणार?" या प्रश्नाचे उत्तर आपल्याच इतिहासात आहे. दादासाहेब फाळके यांनी १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आणला, तेव्हा त्या चित्रपटाच्या श्रेयनामावलीत न मावणारे काम सरस्वतीबाई फाळके यांनी केले होते. साठ-सत्तर माणसांचा रोजचा स्वयंपाक, कलाकारांचे कपडे धुणे, कच्च्या फिल्मला छिद्रे पाडणे, ती रसायनात धुणे, उन्हाचा प्रकाश परावर्तित करण्यासाठी पांढरी चादर धरून उभे राहणे, आणि पैसा कमी पडला तेव्हा अंगावरचे दागिने देणे, हे सारे त्यांच्याकडे होते. आजच्या भाषेत त्याला निर्मिती व्यवस्थापन म्हणतात. भारतीय चित्रपटाच्या पहिल्या निर्मिती व्यवस्थापक म्हणून त्यांचे नाव घेतले, तर त्यात काहीच अतिशयोक्ती होणार नाही.

त्याच १९१३ सालात गंधर्व नाटक मंडळी स्थापन झाली. बालगंधर्वांच्या गायनाने आणि रूपाने एका पिढीला वेड लावले, प्रयोगांना गर्दी लोटली, आणि तरीही ती मंडळी कर्जात बुडत गेली. उंची वस्त्रे, अत्तरे, गालिचे यांवर मुक्त हाताने खर्च होत राहिला आणि जमाखर्चाची घडी बसली नाही. बालगंधर्वांविषयी नितांत आदर बाळगूनच हे सांगावे लागते, कारण ज्या कलावंताने महाराष्ट्राला इतके दिले, त्याच्या उतारवयातील आर्थिक ओढगस्त वाचताना आजही जीव कासावीस होतो. कला कितीही थोर असली तरी तिची वही कोणीतरी नीट लिहावी लागते, आणि ती लिहिणारा माणूस कलेवर प्रेम करणारा असावा लागतो.

हे काम शिकवता येते, ही कल्पना मात्र बरीच अलीकडची आहे. कित्येक दशके नाटकाचा व्यवस्थापक किंवा चित्रपटाचा निर्मिती नियंत्रक हा कोणाच्या तरी हाताखाली तयार होत असे. त्यासाठी मामा, काका किंवा शेजारी या धंद्यात असावा लागे. केंद्र सरकारने १९९८ मध्ये चित्रपटसृष्टीला उद्योगाचा दर्जा जाहीर केला आणि चित्र हळूहळू पालटू लागले. बँकेचे कर्ज आणि मोठ्या कंपन्यांचे भांडवल येऊ लागले, तेव्हा त्यांच्याबरोबर लेखी करार, विमा, लेखापरीक्षण आणि वेळापत्रक हेही आले. तोंडी शब्दावर चालणाऱ्या धंद्याला कागद वाचणारी माणसे हवीशी झाली. त्यानंतरच्या काळात मुंबई-पुण्यातील महाविद्यालयांत माध्यमांचे आणि व्यवस्थापनाचे पदवी अभ्यासक्रम रुजले, गोरेगावच्या चित्रनगरीत २००६ मध्ये व्हिसलिंग वूड्स ही चित्रपटाचे शिक्षण देणारी संस्था सुरू झाली, आणि मनोरंजन व्यवस्थापन हा शिकण्याचा विषय म्हणून उभा राहिला.

वर्गात नेमके काय शिकवले जाते, हे पाहण्यासाठी आपण एक फाईल उघडू. निळ्या रंगाची, कोपरे दुमडलेली ही फाईल म्हणजे एका मोकळ्या मैदानावरील संगीत कार्यक्रमासाठी विद्यार्थ्यांनी गोळा केलेल्या परवानग्या. सर्वांत वर पोलीस ठाण्याचे पत्र आहे, त्याखाली वाहतूक शाखेचे, अग्निशमन दलाचे, महापालिकेचे. मंच उभारणाऱ्या ठेकेदाराच्या मांडणीवर अभियंत्याने सही करून दिलेले मजबुतीचे प्रमाणपत्र आहे. ध्वनिमुद्रित गाणी वाजवण्यासाठीचे परवाने आहेत. त्या परवान्यांमागचा कायदाही विद्यार्थ्यांना शिकवला जातो. कॉपीराइट कायद्यात २०१२ साली झालेल्या दुरुस्तीमुळे गीतकाराचा आणि संगीतकाराचा रॉयल्टीतील वाटा त्यांच्याकडून कायमचा लिहून घेता येत नाही. गाणे वाजते तेव्हा ते लिहिणाऱ्याच्या घरी चार पैसे पोहोचले पाहिजेत, हे विसाव्या वर्षी समजलेला मुलगा पुढे करार लिहिताना ते विसरत नाही.

फाईलमधला आणखी एक कागद महत्त्वाचा आहे. ध्वनिप्रदूषणाविषयीच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत मोकळ्या जागी ध्वनिक्षेपक लावता येत नाही. राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस ही मर्यादा मध्यरात्रीपर्यंत शिथिल करू शकते. रुग्णालय, शिक्षणसंस्था आणि न्यायालय यांच्या भोवतीचा किमान शंभर मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो. मुंबईच्या धोबी तलावजवळचे रंगभवन हे खुले नाट्यगृह एकेकाळी मैफलींनी गजबजलेले असे, पण शेजारी रुग्णालये आणि महाविद्यालय असल्याने तेथील संगीताचे कार्यक्रम या नियमांनंतर थांबले. प्राध्यापक विद्यार्थ्यांना तिथे घेऊन जातात, रिकाम्या पायऱ्यांवर बसवतात आणि मगच हा नियम समजावून सांगतात. जागा निवडण्यापूर्वी आजूबाजूला काय आहे ते चालत जाऊन पाहायचे, ही सवय अशाने लागते.

तिकिटाचा दर ठरवण्याचा तासही असाच असतो. नाटकाच्या किंवा मैफलीच्या ५०० रुपयांपर्यंतच्या तिकिटाला वस्तू व सेवा करातून सूट आहे. हे ज्याला माहीत आहे, तो ५५० रुपयांचा दर लावण्यापूर्वी कागद-पेन्सिल घेऊन बसतो, कारण कर वजा जाता हातात किती राहील आणि वाढलेल्या दराने किती खुर्च्या रिकाम्या राहतील, याचा हिशेब त्याला मांडता येतो.

पण फाईल आणि हिशेब एवढ्याने माणूस घडत नाही. त्याला खरी गर्दी, खरा पैसा आणि न थांबणारे घड्याळ यांच्यासमोर उभे करावे लागते. या बाबतीत आपली महाविद्यालये पूर्वीपासून भाग्यवान आहेत. पुण्यात महाराष्ट्रीय कलोपासक या संस्थेची पुरुषोत्तम करंडक ही आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा १९६३ पासून होत आहे. भरत नाट्य मंदिराच्या रंगमंचावर मोजक्या मिनिटांत नेपथ्य लावणारी आणि उतरवणारी मुले तिथे वेळेचे मोल शिकली, आणि त्यांतील कितीतरी जण पुढे मराठी रंगभूमीचा आणि पडद्याचा आधार झाले. आयआयटी मुंबईचा मूड इंडिगो १९७१ पासून आणि सेंट झेवियर्सचा मल्हार १९७९ पासून, हे दोन्ही महोत्सव विद्यार्थीच चालवतात. प्रायोजक शोधणे, कलाकारांशी बोलणी करणे, बाहेरगावच्या संघांची राहण्याची सोय करणे, मंचामागची मांडणी सांभाळणे ही कामे तिथे एकोणीस-वीस वर्षांची मुले करतात. मनोरंजन व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमाने या उत्साहाला शिस्त दिली. महोत्सव संपल्यावर वही मिटवून घरी जायचे नाही, तर दुसऱ्या दिवशी वर्गात उभे राहून काय चुकले, किती खर्च वाढला आणि का वाढला, हे सर्वांसमोर सांगायचे, ही ती शिस्त.

शिस्तीचा आग्रह किती गंभीर आहे, हे एका घटनेवरून कळेल. २५ नोव्हेंबर २०२३ रोजी केरळमधील कोचीन विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठात विद्यार्थ्यांच्या महोत्सवातील संगीत कार्यक्रमापूर्वी खुल्या प्रेक्षागृहाच्या प्रवेशाजवळ चेंगराचेंगरी झाली आणि ४ जणांचा मृत्यू झाला. गाणे ऐकायला आलेली मुले घरी परतली नाहीत. प्रवेशद्वारे किती, त्यांची रुंदी किती, एका मिनिटात किती माणसे आत येऊ शकतात, पाऊस आला तर लोक कोणत्या दिशेला धावतील, हे प्रश्न त्यामुळेच अभ्यासक्रमात पहिल्या सहामाहीत यावेत, असे आम्हाला ठामपणे वाटते. आम्ही पाहिलेल्या एका वर्गात मुले फरशीवर खडूने प्रवेशद्वार आखून, एकमेकांना त्यातून जायला लावून हातातल्या घड्याळावर सेकंद मोजत होती. सुरुवातीला हसणे-खिदळणे चालले होते. चाळिसावा विद्यार्थी त्या खडूच्या रेघांमध्ये अडकला, तेव्हा वर्ग शांत झाला.

आता नोकरीकडे वळू. हे क्षेत्र जाहिरात वाचून अर्ज करण्याचे फारसे नाही. इथे काम ओळखीने मिळते, आणि ओळख कामाने होते. ज्याच्या घरात कोणी या धंद्यात नाही, त्याच्यासाठी ही कोंडी असते. बार्शी, परभणी किंवा सावंतवाडीहून आलेल्या मुलाला मुंबईत पहिला फोन कोणाला करायचा, तेच माहीत नसते. अभ्यासक्रमाचे सर्वांत मोठे उपकार इथे आहेत. उमेदवारीचे जे दार पूर्वी नात्यागोत्याने उघडत असे, ते महाविद्यालय उघडते. तिसऱ्या वर्षी विद्यार्थ्याला निर्मितीसंस्थेत, कार्यक्रम संयोजकाकडे, दूरचित्रवाणी वाहिनीत किंवा नाट्यनिर्मात्याकडे काही महिने काम करायला पाठवले जाते. सुरुवातीचे काम साधेच असते. कलाकाराची गाडी वेळेवर आली का पाहणे, जेवणाची पाने मोजणे, खर्चाच्या पावत्या तारखेप्रमाणे लावणे. पावत्या नीट लावणाऱ्या मुलाला पुढच्या वेळी पुन्हा बोलावले जाते, हे या धंद्यातील कोणीही अनुभवी माणूस सांगेल.

मागणीही वाढते आहे. पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव १९५३ पासून आपण ऐकत आलो. २०१० पासून त्याच शहरात तरुणांचा एनएच सेव्हन वीकेंडर हा महोत्सव उभा राहिला. जानेवारी २०२५ मध्ये नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर कोल्डप्ले या वाद्यवृंदाचे तीन कार्यक्रम झाले. अशा प्रत्येक कार्यक्रमामागे मंचावर न दिसणारी शेकडो माणसे असतात.

मराठी व्यावसायिक रंगभूमीलाही या मुलांची गरज आहे, आणि याविषयी थोडे अधिक बोलले पाहिजे. नाट्यगृहांच्या तारखा मिळवणे, कलाकारांच्या चित्रीकरणाच्या तारखांशी त्या जुळवणे, नाईट म्हणजे कलाकाराचे दर प्रयोगाचे मानधन ठरवणे, दौऱ्याची बस, नेपथ्याचा टेम्पो, बुकिंगचा प्लॅन, नाटकाची संहिता तपासणाऱ्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र, ही सगळी मोट आजही काही जाणत्या व्यवस्थापकांच्या डोक्यात आणि डायरीत बांधलेली आहे. ते ज्ञान कुठे लिहिलेले नाही. ज्या महाविद्यालयांनी अशा व्यवस्थापकांना वर्गात बोलावले, त्यांच्या विद्यार्थ्यांनी तासाभरात जे टिपून घेतले, ते कोणत्याही पाठ्यपुस्तकात सापडणार नाही. ऑनलाइन तिकीटविक्रीचे आकडे वाचणारी मुले आणि कोणत्या गावात कोणत्या वारी नाटक चालते हे पाठ असलेले व्यवस्थापक एका टेबलाशी बसले, की दोघेही काही शिकून उठतात.

सगळेच अभ्यासक्रम असे असतात, असे म्हणणे मात्र खरे ठरणार नाही. भरमसाट शुल्क घेऊन, वातानुकूलित वर्गात केवळ चित्रफिती दाखवून प्रमाणपत्र देणारे वर्गही निघाले आहेत. प्रवेश घेण्यापूर्वी पालकांनी एवढेच विचारावे की गेल्या वर्षी विद्यार्थ्यांनी स्वतः किती कार्यक्रम उभे केले, त्याचे जमाखर्च पाहायला मिळतील का, आणि उमेदवारीसाठी मुले कुठे गेली होती. उत्तर देताना चाचरणाऱ्या संस्थेत मुलांची तीन वर्षे आणि आई-वडिलांचे पैसे घालू नयेत.

रात्रीचे साडेदहा वाजले आहेत. प्रेक्षक गेले आहेत. तबलावादक वेळेत पोहोचले होते, आणि क्रम बदलला होता हे प्रेक्षागृहात कोणाला कळलेही नाही. मघाची विद्यार्थिनी आता रंगमंचावर उकिडवी बसून केबलची वेटोळी मोजते आहे. बावीस आणली होती, बावीस परत गेली पाहिजेत. एक कमी भरते. ती विंगेत जाते, बॅटरी लावते, पडद्याच्या मागे पडलेले बाविसावे वेटोळे उचलून आणते आणि सामानाच्या चलनावर सही करते. दिव्यांचे सामान घेऊन आलेले पन्नाशीचे गृहस्थ चलनाची प्रत खिशात घालतात, टेम्पोकडे निघतात आणि दोन पावलांवर थांबून विचारतात, "बाळा, एकवीस तारखेला ठाण्याला गडकरीला प्रयोग आहे. विंगेत माणूस कमी आहे. येशील का?"

ती पॅडवरचा शेवटचा कागद उलटते आणि मागच्या कोऱ्या बाजूवर तारीख लिहून घेते.