पेंग, शीण आणि मरगळ

नमस्कार. काही वर्षांपूर्वी एक शिक्षिका माझ्याकडे नैराश्याच्या उपचारांसाठी येत होत्या. गोळ्या सुरू होऊन तीन महिने झाले होते. मी नेहमीचे प्रश्न विचारले. रडू येतं का, जीव नकोसा वाटतो का, जेवण जातं का. उत्तरं चांगली येत होती आणि मी समाधानानं लिहून घेत होतो. तेवढ्यात त्या म्हणाल्या, "डॉक्टर, रडू थांबलं. पण फळ्यावर लिहिता लिहिता डोळे मिटतात. मी बरी झाले आहे, की नुसती गुंगीत आहे?"

मी कागदावर 'थकवा' एवढंच लिहिलं. थकवा हे नैराश्याचंही लक्षण, म्हणजे आजार अजून थोडा शिल्लक असणार, असं धरून मी डोस वाढवला. पुढच्या भेटीला त्यांचे यजमान सोबत आले. बसमध्ये झोप लागून उतरायचं राहून जाईल, या भीतीनं त्या एकट्या निघायला तयार नव्हत्या. ती चूक माझी होती, आणि आजचं बोलणं त्या चुकीतूनच आलं आहे. विषय आहे जागं ठेवणारी औषधं, मुख्यतः मोडाफिनिल, आणि अँटीडिप्रेसंट, म्हणजे नैराश्यावरची औषधं, चालू असताना येणाऱ्या थकव्यावर ती घ्यावीत का.

औषधाआधी शब्दांकडे जाऊ. आपल्या भाषेत या अवस्थांना वेगवेगळे शब्द आहेत आणि ते फार नेमके आहेत. पेंग म्हणजे बसल्या जागी मान खाली जाते, डोळ्यांवर झापड येते. शीण वेगळा. अंगात त्राण नसतं, जिना चढताना पाय ओढावे लागतात, पण आडवं झालं तरी झोप लागतेच असं नाही. आणि मरगळ. झोप पुरेशी झाली आहे, हातपाय चालतात, पण उठून काही करावंसंच वाटत नाही. 'थकवा' म्हटलं की हे सगळं एका पोत्यात जातं, आणि मग औषध कशावर द्यायचं हेच कळत नाही. मोडाफिनिल हे पेंगेवरचं औषध आहे. शिणाला त्याचा कधी उपयोग होतो, कधी होत नाही. मरगळीत मी त्याच्यावर भरवसा ठेवत नाही.

पेंग मोजताही येते. 1991 मध्ये मरे जॉन्स या ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांनी एपवर्थ मापपट्टी मांडली. वाचत असताना, टीव्ही बघताना, दुपारच्या जेवणानंतर शांत बसल्यावर, अशा आठ प्रसंगांत डुलकी लागण्याची शक्यता किती, याला 0 ते 3 गुण द्यायचे. एकूण 24 पैकी 10 च्या वर गुण गेले तर पेंग नेहमीपेक्षा जास्त आहे असं मानतात. पाच मिनिटांचं काम आहे. मी ते त्या शिक्षिकेच्या बाबतीत केलं नव्हतं.

आता ही पेंग येते कुठून? मेंदूला जागं ठेवणाऱ्या रसायनांत हिस्टामिन हे एक महत्त्वाचं. सर्दीच्या किंवा ॲलर्जीच्या जुन्या गोळ्यांनी झोप येते, ती याच हिस्टामिनला अडवल्यामुळे. मिर्टाझापिन, अमिट्रिप्टिलिन, डॉक्सेपिन ही नैराश्यावरची औषधंही हिस्टामिनला जोरात अडवतात. झोपच उडालेल्या रुग्णाला सुरुवातीला ते वरदान वाटतं, आणि नंतर तीच गुंगी दिवसा उरते. फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन यांसारख्या एसएसआरआय गटातल्या औषधांची गोष्ट निराळी. त्यांनी काहींची रात्रीची झोप तुटक होते. माणूस आठ तास अंथरुणात असतो, पण झोप विसविशीत. दिवसा मग त्याची वसुली सुरू होते. याच गटातल्या औषधांनी, विशेषतः वयस्कर माणसांत, रक्तातलं सोडियम उतरू शकतं. घरच्यांना वाटतं आजोबा सुस्तावले आहेत. वेळेवर रक्त तपासलं नाही तर ही सुस्ती जिवावर बेतू शकते. तिथे जागं ठेवणारी गोळी देणं म्हणजे धोक्याची घंटा कापडात गुंडाळून ठेवणं.

म्हणून गोळीच्या आधी पाहण्यासारखं बरंच असतं. थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी 12. घोरणं, आणि झोपेत मध्येच श्वास अडणं. दारू. सोबत चालू असलेल्या इतर गोळ्या. गुंगी आणणारी गोळी सकाळी घेतली जाते का? ती रात्री घेण्याइतका साधा बदलही कधी कधी पुरतो. डोस कमी करता येईल का, औषध बदलता येईल का, हेही पाहायचं. पण हे सगळं डॉक्टरांच्या सल्ल्यानं. दिवसा झोप येते म्हणून आपल्या मनानं अँटीडिप्रेसंट एकदम बंद करू नका. एकदम बंद केल्यानं चक्कर, मळमळ, बेचैनी असा त्रास होऊ शकतो, आणि आजार उलटण्याची भीती असते.

एवढं करूनही पेंग उरते तेव्हा मोडाफिनिलचा विचार येतो. हे औषध फ्रान्समध्ये तयार झालं. झोपेच्या शास्त्रातले थोर संशोधक मिशेल झुव्हे यांनी ते नार्कोलेप्सीच्या रुग्णांत वापरून पाहिलं. नार्कोलेप्सी म्हणजे दिवसा अनावर झोप येण्याचा आजार. अमेरिकेत 1998 मध्ये त्याला याच आजारासाठी मान्यता मिळाली, आणि पुढे पाळ्यांच्या कामामुळे येणारी पेंग व स्लीप ॲप्नियात, म्हणजे झोपेत श्वास अडण्याच्या आजारात, उपचारांनंतरही उरणारी पेंग यांसाठी. युरोपच्या औषध नियामक संस्थेनं मात्र 2010 मध्ये फायदा आणि धोका तोलून ते नार्कोलेप्सीपुरतंच ठेवावं, असं सांगितलं. नैराश्यातल्या थकव्यासाठी त्याला अमेरिकेतही मान्यता नाही आणि युरोपातही नाही. डॉक्टर ते देतात, पण मान्यतेबाहेरचा वापर म्हणून, आणि रुग्णाला हे स्पष्ट सांगितलं पाहिजे.

अभ्यास काय सांगतात? 2003 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. अँटीडिप्रेसंटनं अर्धवटच फरक पडलेले 136 रुग्ण घेतले, काहींना मोडाफिनिल जोडून दिलं, काहींना तशीच दिसणारी रिकामी गोळी. पहिल्या दोन आठवड्यांत मोडाफिनिल घेणाऱ्यांची पेंग आणि थकवा लवकर कमी झाला. सहाव्या आठवड्यापर्यंत दुसऱ्या गटानंही ती पायरी गाठली आणि दोघांत ठोस फरक उरला नाही. 2005 मध्ये 311 रुग्णांवर आठ आठवड्यांचा मोठा अभ्यास आला. त्यात एकंदर सुधारणेत मोडाफिनिल सरस ठरलं, पण पेंगेच्या मोजमापात तसा स्पष्ट विजय मिळाला नाही. मी याचा अर्थ असा लावतो की काही जणांना, विशेषतः सुरुवातीच्या अवघड आठवड्यांत, हे औषध हात देतं. सगळ्यांना देत नाही. हा माझा कौल आहे, आणि दुसरे डॉक्टर याहून आशावादी असू शकतात.

एक गृहस्थ आठवतात. चार औषधं निष्फळ ठरल्यावर पाचवं लागू पडलं होतं, आणि नेमकं तेच झोप आणणारं. ते सोडायचं नाही, हे आमचं दोघांचं ठरलं. सगळ्या तपासण्या झाल्यावर सकाळी 100 मिलिग्रॅम मोडाफिनिल सुरू केलं. दोन आठवड्यांनी ते म्हणाले, "संध्याकाळी मुलीचा अभ्यास घेताना जागा असतो." अशा माणसाला मी ही गोळी पुन्हा देईन.

पण तिच्या अडचणी नीट ऐका, कारण त्या चिठ्ठीवर मावत नाहीत. मोडाफिनिलचा अर्धा भाग शरीरातून जायला सुमारे 15 तास लागतात. सकाळी आठला घेतलेल्या गोळीचा जवळजवळ अर्धा अंश रात्री अकरालाही रक्तात असतो. दुपारी घेतली तर रात्र गेलीच. डोकेदुखी, मळमळ, धडधड, जिवाची घालमेल होऊ शकते. ज्यांना आधीच चिंतेचा त्रास आहे त्यांना ती जास्त जाणवते. ज्यांना कधी उन्मादाचा झटका आला आहे, त्यांच्यात तो पुन्हा उसळू शकतो. हृदयविकार असेल तर आधी सांगायला हवं. क्वचित अंगावर गंभीर पुरळ उठतं. 2006 मध्ये अमेरिकेत लहान मुलांसाठी मान्यता नाकारली गेली, त्यामागे ही चिंता होती. पुरळ, ताप, तोंडात फोड, यातलं काही दिसलं तर गोळी थांबवून लगेच रुग्णालय गाठायचं.

सगळ्यात कमी सांगितली जाणारी गोष्ट स्त्रियांच्या बाबतीतली आहे. मोडाफिनिलमुळे यकृत संततिनियमनाची हार्मोनयुक्त औषधं लवकर निकामी करू लागतं. गोळी रोज घेऊनही गर्भ राहू शकतो. मोडाफिनिल थांबवल्यावरही निदान एक महिना, काही देशांच्या सूचनांप्रमाणे दोन महिने, दुसरा उपाय वापरावा लागतो. गर्भारपणात हे औषध घेतल्यास बाळात व्यंग राहण्याचा धोका असल्याचे इशारे नियामकांनी दिले आहेत. मी असं म्हणेन की हे न सांगता एखाद्या तरुण बाईला हे औषध लिहून देणं अन्याय आहे.

दुसरी गाठ खुद्द अँटीडिप्रेसंटशी पडते. सिटालोप्राम आणि एस्सिटालोप्राम शरीरातून बाहेर काढणारं एक एन्झाइम मोडाफिनिलमुळे मंदावतं. त्यांचं रक्तातलं प्रमाण वाढू शकतं, म्हणजे डोस न वाढवता वाढल्यासारखा होतो. सिटालोप्रामचं प्रमाण फार वाढलं तर हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडू शकते. म्हणून कुठली गोळी कुठल्या गोळीसोबत चालली आहे, हे एकाच डॉक्टरांना माहीत असलं पाहिजे. मित्राच्या डब्यातली, परीक्षेसाठी कुणी आणलेली गोळी घेऊ नका.

त्या शिक्षिकांचं सांगायचं राहिलं. त्या मिर्टाझापिनवर होत्या. वजन वाढलं होतं, आणि यजमानांनी सांगितलं की घोरणंही वाढलं आहे. मी ते पहिल्या भेटीत विचारलंच नव्हतं. झोपेची तपासणी केली, तेव्हा श्वास अडत असल्याचं दिसलं. श्वासासाठी यंत्र दिलं, हळूहळू औषध बदललं. मोडाफिनिल लागलंच नाही. चार महिन्यांनी त्या एकट्या आल्या. म्हणाल्या, "आता वर्गात डोळे मिटत नाहीत. पण पूर्वी मुलांच्या वह्या तपासताना मजा यायची, ती येत नाही." त्या दिवशी मी कागदावर 'मरगळ' असं लिहिलं, आणि आम्ही तासभर फक्त तेवढ्याबद्दल बोललो.