दोन ठोके, मग तीन

नमस्कार मंडळी.

यंदा आपल्यापैकी बऱ्याच घरांतली मुलं पहिल्यांदाच घर सोडून कॉलेजला निघाली आहेत, त्यांच्यासमोर काहीतरी बोला, असं कार्यकारिणीने सांगितलं. मी पेशाने शिक्षक. कॉलेजं चालवणारी माणसं मी जवळून पाहिली आहेत. तरी हा विषय निघाला की मला आठवतो एक अमेरिकन नौदल अधिकारी, ज्यांना मी कधी भेटलो नाही. व्हाइस ॲडमिरल जेम्स स्टॉकडेल.

त्यांचा जन्म १९२३ चा, इलिनॉयमधल्या अबिंग्डनचा. १९४६ मध्ये ॲनापोलिसच्या नौदल अकादमीतून ते बाहेर पडले, पुढे वैमानिक झाले, चाचणी वैमानिक झाले. इथवर त्यांच्या बॅचच्या इतरांसारखंच. नंतर नौदलाने त्यांना स्टॅनफर्डला एम.ए. करायला पाठवलं आणि तिथे फिलिप ऱ्हाइनलँडर या तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकांनी त्यांच्या हातावर एक छोटी पुस्तिका ठेवली. एपिक्टेटसची. हा तत्त्वज्ञ गुलाम म्हणून वाढला आणि पायाने अधू होता. आपल्या हातात काय आहे आणि काय नाही, हे आधी ओळखा, इथून त्याची शिकवण सुरू होते. लढाऊ विमान उडवणाऱ्याला या पुस्तिकेचा काय उपयोग, असं स्टॉकडेलना तेव्हा वाटलं होतं. तरी जहाजावर ती त्यांच्या उशाशी असे.

९ सप्टेंबर १९६५ ला उत्तर व्हिएतनामवर त्यांचं विमान पाडलं गेलं. पॅराशूटने खाली येताना ते स्वतःशी म्हणाले, निदान पाच वर्षं तरी गेली. यंत्रांचं जग मागे टाकून मी आता एपिक्टेटसच्या जगात चाललोय. कैदेत गेली साडेसात. त्यातली चार एकांतकोठडीत, दोन वर्षं पायांत बेड्या घालून. मोडलेला पाय नीट जुळलाच नाही. तो गुडघा पुन्हा कधी वाकला नाही.

आता मुलांनो, नीट ऐका. (व्यासपीठावर टकटक केली.) दोन ठोके, थोडं थांबून तीन. मग दोन, आणि चार. मी तुम्हाला ‘हाय’ म्हटलं. हनोईच्या त्या तुरुंगात एकमेकांशी बोलायला बंदी होती, म्हणून कैदी भिंतीवर ठोके देत. पाच ओळी, पाच रकाने, पंचवीस घरं. इंग्रजी अक्षरं सव्वीस, तेव्हा ‘के’ला काट मारली आणि ‘सी’वर भागवलं. पहिले ठोके ओळीचे, दुसरे रकान्याचे.

नौदलाच्या कैद्यांत स्टॉकडेल सर्वांत ज्येष्ठ, त्यामुळे हुकूम द्यायची जबाबदारी त्यांच्यावर आली. नियमपुस्तकाप्रमाणे कैद्याने नाव, हुद्दा, क्रमांक आणि जन्मतारीख एवढंच सांगायचं. पण दोरांनी आवळल्यावर प्रत्येक जण कधी ना कधी मोडत होता आणि कोठडीत परतला की शरमेने भिंतीकडे पाठ करून बसत होता. छळापेक्षाही ही शरम माणसाला एकटं पाडते, हे स्टॉकडेलनी ओळखलं. त्यांनी पाळता येतील असे मोजके नियम केले: लोकांसमोर वाकायचं नाही, रेडिओवर बोलायचं नाही, गुन्हा कबूल करायचा नाही, सुटताना त्यांचे आभार मानायचे नाहीत, आणि स्वतःच्या आधी सगळ्यांची एकजूट. मोडलास तर मोडलास, पण परत आल्यावर शेजाऱ्याला ठोक्यांनी सांग. माझ्या मते त्यांच्यातला शिक्षक घडला तो इथे, स्टॅनफर्डला नव्हे.

इकडे त्यांच्या पत्नी सिबिल यांनी सरकारचा ‘गप्प राहा’ हा सल्ला झुगारून कैद्यांच्या कुटुंबांची संघटना उभी केली. त्यांच्यावर एक वेगळं भाषण व्हायला हवं, आणि ते आपल्या एखाद्या भगिनीने करावं अशी माझी मनापासून इच्छा आहे.

फेब्रुवारी १९७३ मध्ये सुटका झाली, १९७६ मध्ये मेडल ऑफ ऑनर हा अमेरिकेचा सर्वोच्च लष्करी सन्मान मिळाला, १९७७ मध्ये न्यूपोर्टच्या नेव्हल वॉर कॉलेजचं अध्यक्षपद. इतकी पदकं मिळालेला माणूस कार्यालयात बसून सह्या करू शकला असता. ते वर्गात गेले. जोसेफ ब्रेनन या तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकांबरोबर त्यांनी नैतिक कर्तव्यावरचा अभ्यासक्रम तयार केला आणि स्वतः शिकवला. समोर विद्यार्थी म्हणून बसलेले सगळे अनुभवी अधिकारी, आणि त्यांना वाचायला बायबलमधल्या जोबची कथा, सॉक्रेटिस, ॲरिस्टॉटल, कांट.

१९७९ मध्ये निवृत्त होऊन ते चार्ल्सटनच्या सिटाडेल या लष्करी शिस्तीच्या कॉलेजचे अध्यक्ष झाले. तिथे पहिल्या वर्षाच्या मुलांना वरच्या वर्गातली मुलं ‘घडवत’ असत. आपल्यापैकी जे भारतातल्या होस्टेलांत राहिले, त्यांना या शब्दामागचं रॅगिंग वेगळं सांगायला नको. ही मोकळीक आवरायला हवी, असं स्टॉकडेलनी ठरवलं. नियामक मंडळाचं आणि त्यांचं पटलं नाही. वर्षभरातच त्यांनी राजीनामा दिला आणि पुढे स्टॅनफर्डच्या हूव्हर इन्स्टिट्यूशनमध्ये जाऊन वाचन, लेखन आणि व्याख्यानांत रमले.

जहाजावर कप्तानाचा हुकूम सुटतो आणि पाळला जातो. कॉलेजात मंडळ असतं, माजी विद्यार्थी असतात, प्राध्यापक असतात, ‘आमच्या वेळेपासून असंच आहे’ म्हणणारे असतात. तिथे एकट्याचा हुकूम चालत नाही. म्हणून काही जण त्या एका वर्षाला त्यांचं अपयश म्हणतात. मला ते पटत नाही. दुबळ्याच्या अंगावर सत्ता कशी चालते, हे ज्याने बेड्यांत अनुभवलं, त्याने अठरा वर्षांच्या पोरांवर ती चाललेली बघत खुर्चीत बसून राहायचं? ते उठले, हे मला त्यांच्या पदकांइतकंच मोठं वाटतं.

पंचवीस घरांच्या त्या तक्त्याच्या प्रती दाराजवळच्या टेबलावर ठेवल्या आहेत. मुलांनो, जाताना एकेक घ्या. एक रूममेटसाठीही घ्या.