पारावर न दिसणारी माणसे

(अंबाजोगाई येथे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

श्रोतेहो, आपल्या भागात विडीविषयी बोलायला उभे राहिले की एक प्रश्न हमखास येतो : "आमचा आजा नव्वदीपर्यंत विड्या ओढायचा, त्याला काय झालं?" हा प्रश्न मी उडवून लावत नाही, कारण तो आजा आपण सर्वांनी पाहिलेला आहे. पण तो दिसतो तो जगला म्हणून. त्याच्याच बंडलातली विडी ओढून पन्नाशीच्या आत गेलेले त्याचे सोबती आज पारावर बसलेले नाहीत, म्हणून ते आपल्या हिशेबातही येत नाहीत.

त्यांनाही मोजायचे तर माणसे धडधाकट असतानाच नोंदवून वर्षानुवर्षे त्यांचा माग ठेवावा लागतो. रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल या ब्रिटिश संशोधकांनी १९५१ पासून ब्रिटनमधील ३४,४३९ पुरुष डॉक्टरांच्या बाबतीत हेच काम सुरू केले. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या पन्नास वर्षांच्या निष्कर्षानुसार सिगारेट न सोडणाऱ्यांचे आयुष्य सरासरी १० वर्षांनी घटते. ही दहा वर्षे म्हातारपणाच्या टोकाची, गेली तर गेली, असे मानणे ही मोठी चूक आहे. धूम्रपान चालू ठेवणाऱ्यांपैकी किमान निम्म्यांचा बळी ते व्यसनच घेते आणि त्यांतील अनेकांची वीस-वीस वर्षे जातात.

भारतातील चित्र संशोधक प्रभात झा व सहकाऱ्यांनी २००८ साली मांडले. वयाच्या ३० ते ६९ या काळात मृत्यू येण्याची शक्यता धूम्रपान करणाऱ्या पुरुषांत ६१ टक्के, तर धूम्रपान न करणाऱ्या, पण इतर बाबतींत तशाच पुरुषांत ४१ टक्के आढळली. म्हणजे मुलांची शिक्षणे आणि लग्ने व्हायच्या वयातच घरचा कर्ता जातो. विडीमुळे पुरुषांची सुमारे ६ वर्षे, स्त्रियांची ८ वर्षे, तर सिगारेटमुळे पुरुषांची १० वर्षे कमी होतात. सहाचा आकडा ऐकून कुणी हायसे वाटून घेऊ नये. विडीत तंबाखू थोडी असली तरी तेंदूच्या पानात ती पटकन विझते, म्हणून झुरके वारंवार आणि जोरात मारावे लागतात. शिवाय आपल्याकडे या मृत्यूंत क्षयरोगाचा वाटा मोठा आहे, आणि तो रोग एका माणसावर थांबत नाही.

सोडल्याने काय मिळते, याचेही उत्तर त्याच ब्रिटिश अभ्यासात आहे : साठाव्या वर्षी सोडल्यास सुमारे ३, पन्नासाव्या वर्षी ६, चाळिसाव्या वर्षी ९ वर्षे परत मिळतात, आणि तिशीत सोडणाऱ्याचे जवळजवळ सारे नुकसान टळते. "निम्म्या केल्या तर चालेल का?" असे ऊसतोडीचे गडी मला विचारतात. नाही चालणार, दिवसाला मोजक्या विड्या ओढणाऱ्यांतही मृत्यूचे प्रमाण वाढलेले दिसले आहे. टोळ्या दिवाळीच्या सुमारास कारखान्यांकडे निघतात आणि फडात पहाटेची थंडी, जागरण व कोयत्याचे काम यांत तलफ आवरणे फार कठीण जाते. सोडल्यानंतरचे पहिले दोन-तीन आठवडेच सर्वांत जड असतात; ते गावात, घरच्यांच्या सोबतीत काढता यावेत म्हणून गाव सोडण्याआधी, उचल म्हणजे आगाऊ मजुरी घेण्याच्या दिवसांतच विडी सोडावी, असे मी प्रत्येक टोळीला सांगतो.