तिसऱ्या तासाला उठून जाणारा पोरगा

राम राम मंडळी. चोपड्याकडच्या एका गावात मी बरीच वर्षं शिकवलं, तिथल्या आठवीतल्या एका पोराबद्दल आज बोलायचंय. तिसरा तास आला की हा चुळबुळ सुरू करायचा, शेजारच्याला चिमटे, मॅडमला उलट उत्तरं, मग पाणी पिऊन येतो म्हणून जो जायचा तो परत यायचाच नाही. आम्ही त्याला वर्गाबाहेर उभं करायचो, घरी निरोप धाडायचो, घरी बाप बडवायचा. एकदा खिशातून तंबाखूची पुडी पडली तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

कारण निकोटिन रक्तात साधारण दोन तासांत निम्म्यावर येतं. शाळेत येताना तोंडात टाकलेली पुडी तिसऱ्या तासाला उतरते, मग चिडचिड होते, फळ्यावर लक्ष लागत नाही, आम्ही ज्याला मस्ती समजत होतो त्यातली बरीचशी तलफच होती. त्यात स्वतःला आवरायचं काम करणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीपर्यंत तयार होत असतो, आणि हा तर तेरा वर्षांचा. 2019 च्या पाहणीत देशातली 13 ते 15 वयाची 8.5 टक्के शाळकरी मुलं तंबाखू वापरत होती, म्हणजे हा काही एकटा नव्हता.

पण पुडी आधी आली का? एकट्याला बसवून विचारलं तर म्हणे, "सर, माले वाचताच येस नही, मंग वर्गमा बसीसन काय करू?" चौथीपासूनच मागे पडलेला, वर्ग हसायचा, म्हणून शाळा बुडवून केळीच्या गाड्या भरायला जायला लागला, तिथं मोठ्यांनी पुडी हातावर ठेवली आणि तिथं त्याला कोणी ढ म्हणत नव्हतं हो. मागे पडला म्हणून पुडी, पुडीमुळे अजून मागे. अशा पोराला शाळेतून काढलं तर तो परत त्या गाडीवरच जाणार ना!

शाळेपासून 100 यार्डात तंबाखू विकायला 2003 च्या कायद्यानं बंदी आहे, अठराच्या आतल्या पोराला तर कुठंच विकता येत नाही. तुमच्या गावातली टपरी कुठं आहे ते बघा. व्यसनाबद्दल बोलायचं असेल तर 14446 वर फोन करा, पैसे लागत नाहीत.

आम्ही त्याला शाळा सुटल्यावर रोज अर्धा तास तिसरीचं पुस्तक वाचायला बसवलं, वर्गातल्या कोणाला न सांगता. दिवाळीपर्यंत अडखळत का होईना वाचायला लागला. पुडी पूर्ण सुटली नव्हती, पण तिसऱ्या तासाला बसायला लागला होता.