कंबरेवरचा काळा पट्टा: साडीमुळे खरंच कॅन्सर होतो का?

(टेबलावरची परकराची नाडी उचलून कॅमेऱ्यासमोर धरते)

ही बघा. परकराची नाडी. कटलरीच्या दुकानात मिळते ती, साधी, सुती. 2024 च्या नोव्हेंबरमध्ये ही नाडी थेट बातम्यांमध्ये झळकली. ‘साडी नेसल्याने कॅन्सर’, ‘साडी नेसणाऱ्यांनो सावधान’, असले मथळे. माझ्या मावशीने तो मेसेज मला तीनदा पाठवला, तिसऱ्यांदा तर खाली रडका चेहरा लावून. आणि ओपीडीत बायका विचारायला लागल्या, “मॅडम, आता ड्रेसच घालू का?”

नमस्कार. मी त्वचारोगतज्ज्ञ आहे. ह्या विषयावर तेव्हाच व्हिडिओ करायला हवा होता, राहून गेला. पण मेसेज अजून फिरतोय, म्हणून आज बोलूच.

आधी मूळ बातमी काय होती ते सांगते, कारण ती आपल्याच घरातली आहे. वर्ध्याच्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजच्या आणि बिहारमधल्या मधुबनीच्या मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांनी मिळून ‘बीएमजे केस रिपोर्ट्स’ ह्या नियतकालिकात दोन पेशंटची हकीकत छापली. पहिली बाई 70 वर्षांची. उजव्या कुशीवर जखम, दीड वर्षं झालं तरी भरत नव्हती. आजूबाजूच्या कातडीचा रंग गेलेला. साडीखाली परकर, आणि त्याची नाडी घट्ट आवळून बांधायची सवय. दुसरी बाई साठी उलटून गेलेली, सत्तरीला टेकलेली. तिचीही जखम उजव्याच बाजूला, दोन वर्षांची. पण ही परकर घालतच नव्हती. ती लुगडं नेसायची, चाळीस वर्षं, रोज, कंबरेला तीच गाठ मारून.

दोघींच्या जखमेचा तुकडा तपासला. दोघींना कातडीचा कॅन्सर निघाला, ‘स्क्वॅमस सेल कार्सिनोमा’ नावाचा. दुसरीच्या जांघेतल्या एका रसगाठीपर्यंत (लिम्फ नोडपर्यंत) तो पोचलेला होता.

आता त्या डॉक्टरांनी स्वतः काय म्हटलं, ते मेसेजमध्ये कुणी लिहिलं नाही. त्यांचं म्हणणं असं की ‘साडी कॅन्सर’ हे जुनं नाव तितकंसं बरोबर नाही, ‘परकराचा कॅन्सर’ म्हणावं, कारण कातडीवर दाब येतो तो नाडीचा. साडी बिचारी वरून नुसती खोचलेली असते. (लुगड्याच्या बाबतीत मात्र परकर मधे येतच नाही. तिथे कापडाची गाठच नाडीचं काम करते.)

‘जुनं नाव’ म्हणाले, कारण गोष्ट खरंच जुनी आहे. 1945 साली मुंबईहून खानोलकर आणि सूर्याबाई यांचा एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. डॉ. वसंत रामजी खानोलकर हे टाटा हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेचे पहिल्या फळीतले पॅथॉलॉजिस्ट. आपल्याकडच्या लोकांना होणारे कॅन्सर आपल्या राहणीमानाशी, चालीरीतींशी कसे जोडलेले आहेत, ह्याचा त्यांनी ध्यास घेतला होता. त्या निबंधात ‘धोतराचा कॅन्सर’ आहे. म्हणजे ह्या आजाराची वैद्यकातली पहिली नोंद झाली ती पुरुषांच्या कंबरेवरून! पुढे पुरुषांनी धोतर सोडून पॅन्ट घातली, बायकांची नाडी राहिली, आणि आजाराचं नावही बदललं. साडीला दोष देणाऱ्या काकांना हे जरूर सांगा.

बरं, नाडी नेमकं करते काय?

बाजारातून दोन किलो कांदे प्लास्टिकच्या पातळ पिशवीत आणलेत कधी? घरी येईपर्यंत बोटांवर पांढरे वळ उठतात. तेच कांदे कापडी पिशवीच्या रुंद पट्ट्याने उचलले तर काही होत नाही. वजन तेच, पण पातळ पट्टीखाली सगळा भार चिंचोळ्या जागेवर येतो. नाडीचंही तसंच. त्यात आणखी तीन गोष्टी मिळवा. एक, ती जागा बदलत नाही, वर्षानुवर्षं त्याच रेषेवर बसते. दोन, आपण वाकतो, उठतो, निंदणी करतो, धुणं धुतो, तेव्हा ती कातडीवर घासत राहते. तीन, घाम. उन्हाळ्यात कंबरेवर घाम साचतो, वर धूळ, आणि ओली कातडी कोरड्या कातडीपेक्षा लवकर सोलवटते.

पहिल्यांदा काय दिसतं? काळपट पट्टा. मग तिथली कातडी जाड, खरखरीत होते, खाज सुटते. काहींची उलट पातळ, गुळगुळीत, फिकट होत जाते. इथवर घाबरण्यासारखं काही नाही. किंबहुना परकर नेसणाऱ्या, सलवार घालणाऱ्या हजारो बायकांच्या कंबरेवर हा पट्टा आहे. लहानपणापासून करदोडा बांधलेल्या पुरुषांच्याही असतो. ओपीडीत पट्ट्याबद्दल विचारलं की ठरलेलं उत्तर मिळतं: “ते होय, ते तर असतंच की.”

गोष्ट वळण घेते ती त्या पट्ट्यात जखम झाली की. खाजवून, घासून कातडी फाटते. थोडी भरते. दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच जागी नाडी. पुन्हा फाटते. भरणं, फाटणं, भरणं, फाटणं, असं वर्षानुवर्षं चाललं की तिथे व्रण तयार होतो. कातडीच्या पेशी सतत दुरुस्तीच्या कामाला जुंपलेल्या राहतात, आणि पेशी जितक्या वेळा विभागणार तितकी चूक होण्याची संधी जास्त. अशा जुन्या व्रणात, न भरणाऱ्या जखमेत उगवणाऱ्या कॅन्सरला ‘मार्जोलिन अल्सर’ म्हणतात. झ्यां-निकोला मार्जोलिन हा फ्रेंच सर्जन. त्याने 1828 मध्ये व्रणांत होणाऱ्या अशा जखमांचं वर्णन केलं. गंमत म्हणजे हा कॅन्सर आहे हे त्याला उमगलंच नव्हतं, ते नंतरच्या लोकांनी ओळखलं. नाव मात्र त्याचं लागलं.

मार्जोलिन अल्सर फक्त कंबरेवर होतो असं नाही. जुन्या भाजल्याच्या व्रणात तो जास्त दिसतो, तेही अनेकदा भाजल्यानंतर वीस-तीस वर्षांनी. कुष्ठरोगामुळे तळपायाची संवेदना गेलेल्या लोकांच्या जुनाट जखमेत दिसतो. हाडाच्या जंतुसंसर्गातून वर्षानुवर्षं पू येणाऱ्या जागीही. आणि हा उन्हामुळे होणाऱ्या कातडीच्या कॅन्सरपेक्षा जास्त आडदांड असतो. लवकर खोल जातो, गाठींमध्ये पसरतो. आपल्या सावळ्या कातडीत रंग देणारं मेलॅनिन भरपूर, त्यामुळे उन्हापासून होणारा कॅन्सर आपल्याकडे गोऱ्या लोकांच्या मानाने कमी. पण मेलॅनिन नाडीपासून वाचवत नाही. म्हणून आपल्याकडे ह्या झाकलेल्या, न दिसणाऱ्या जागांकडे बघायला हवं.

राहणीतून, कामातून येणाऱ्या कॅन्सरचं एक जुनं उदाहरण लंडनचं. धुराडी साफ करणाऱ्या पोरांना मोठेपणी अंडकोषाच्या कातडीचा कॅन्सर व्हायचा, काजळी तिथल्या घड्यांत बसायची म्हणून. पर्सिव्हल पॉट नावाच्या सर्जनने ते 1775 मध्ये लिहून ठेवलं. आणि आपल्या देशातलं उदाहरण म्हणजे काश्मीरची कांगडी. मातीचं बोळकं, भोवती बारीक काड्यांची वीण, आत निखारे, आणि हे सगळं फेरनच्या, म्हणजे तिथल्या सैल झग्याच्या, आत पोटाशी धरायचं. एल्म्सली नावाच्या मिशनरी डॉक्टरने 1866 मध्ये कांगडी वापरणाऱ्यांच्या पोटावरच्या, मांड्यांवरच्या कॅन्सरबद्दल लिहिलं. आधी कातडीवर तपकिरी जाळी उमटते, मग पुढचं पुढे. तीच जाळी आज मांडीवर लॅपटॉप घेऊन तासन्‌तास बसणाऱ्या मुलांच्या मांडीवर दिसते, आणि कंबरदुखीसाठी रोज गरम पाण्याची पिशवी लावणाऱ्यांच्या पाठीवर. ह्यावर वेगळा व्हिडिओ करेन, इथे नको.

परत कंबरेवर येऊ.

कंबरेवर दिसणारी बहुतेक दुखणी कॅन्सर नसतात, हे मी ठासून सांगते. पावसाळ्यात सगळ्यांत जास्त काय येतं? नायटा. गोल, कडा उठलेली, मधे बरी वाटणारी, रात्री खाजून झोप उडवणारी. कधी नाडीच्या रंगाची किंवा जीन्सच्या धातूच्या बटणाची ॲलर्जी असते. कधी नाडीच्या रेषेवर पांढरे डाग येतात. ज्यांना कोडाची प्रवृत्ती आहे, त्यांच्या कातडीवर घासेल तिथे कोड उमटू शकतं. जांभळट, चपटे, खाजरे फोड असतील तर तो लायकेन प्लेनस, तोही घासलेल्या रेषेवर यायला आवडणारा आजार. ह्या सगळ्यांचे उपचार वेगवेगळे आहेत. त्यामुळे मेडिकलमधून “खाजेवरची एक ट्यूब द्या” म्हणून आणलेली मिक्स ट्यूब लावू नका. तिच्यात बहुतेक वेळा स्टेरॉइड असतं. चार दिवस बरं वाटतं, नायटा आतल्या आत पसरतो, आणि कातडी अशी पातळ होते की नाडीला ती फाडायला मोकळं रान.

मग डॉक्टरकडे कधी यायचं? कंबरेवरची जखम तीन-चार आठवड्यांत भरली नाही, की. कडा जाड, उलटलेल्या, हाताला टणक लागतायत. हात लावला की रक्त येतं. वास येतो. मधे मांस वाढल्यासारखं दिसतं, फ्लॉवरच्या गड्ड्यासारखं. जांघेत किंवा काखेत गाठ लागते. ह्यातलं काहीही असलं तर हळद, एकदांडीचा पाला, मशेरी, सगळं बाजूला ठेवा आणि या.

काखेत का म्हणाले? सह्याद्रीच्या माथ्यावर पडलेला पाऊस एकीकडून अरबी समुद्राला जातो, दुसरीकडून बंगालच्या उपसागराला. पोटाच्या कातडीचं तसंच आहे. कातडीतल्या लसिकेचा, म्हणजे पेशींभोवतीच्या पाण्याचा, साधारण बेंबीच्या वरच्या भागातला निचरा काखेतल्या रसगाठींकडे, खालच्या भागातला जांघेकडे, आणि कॅन्सरही ह्याच वाटेने पसरतो. नाडी बसते नेमकी ह्या माथ्याच्या आसपास. म्हणून आम्ही दोन्हीकडे चाचपतो. कंबर दाखवायला आलेल्या बाईला “हात वर करा” म्हटलं की ती दचकते, पण कारण हे आहे.

नंतर आम्ही तुकडा काढायला सांगतो, आणि इथेच पेशंट गायब होतात. “तुकडा काढला की कॅन्सर पसरतो म्हणे.” नाही पसरत. जागा बधिर करून जखमेच्या कडेचा छोटासा भाग घेतात. कडेचाच, कारण मधोमध बऱ्याचदा मेलेलं मांस असतं, त्यातून उत्तर मिळत नाही. टाके पडलेच तर एक-दोन, त्याच दिवशी घरी. कॅन्सर निघाला तर सर्जन तो भाग आजूबाजूच्या थोड्या चांगल्या कातडीसकट काढतात. जागा मोठी असेल तर मांडीची कातडी आणून लावतात. गाठीत गेला असेल तर गाठीही काढाव्या लागतात, कधी रेडिएशन. वेळेत आलात तर बऱ्याचदा पहिल्या पायरीवरच भागतं.

वेळेत येणं अवघड का जातं, ते मला माहीत आहे. जखम अशा जागी, की दाखवायची तर परकर सैल करावा लागतो. समोर पुरुष डॉक्टर. बरोबर सून किंवा मुलगा. दीड-दीड वर्षं जखम अंगावर काढण्यामागे अडाणीपणा असतो असं मला वाटत नाही, संकोच असतो. तुमच्या गावातल्या आशाताईला आधी दाखवा. किंवा सरकारी दवाखान्यात सरळ म्हणा, बाईडॉक्टर आहेत का. विचारण्यात काही गैर नाही.

आणि नाडीचं काय करायचं? (टेबलावरून रुंद पट्टा उचलून) परकराच्या नेफ्यात दोरीऐवजी असा दोन-तीन बोटं रुंद, मऊ कापडी पट्टा घाला. घट्ट इलॅस्टिक आवळून बसत असेल तर त्याचाही फायदा नाही. नाडीखाली दोन बोटं सहज सरकली पाहिजेत. घरी असताना, रात्री झोपताना सैल करा. रोज त्याच रेषेवर, त्याच बाजूला गाठ नको. लुगडं नेसत असाल तर गाठीखाली मऊ कापडाची घडी ठेवा. आणि जखम असेल तर ती भरेपर्यंत तिथे काहीही बांधायचं नाही. गाऊन घाला, कोण काय म्हणेल ते म्हणू दे.

माझी आई अडुसष्ट वर्षांची आहे. ती बातमी आली तेव्हा पहिल्यांदा तिची कंबर बघितली. एवढी वर्षं त्वचारोगतज्ज्ञ आहे मी, आणि आईची कंबर कधी बघितली नव्हती. पट्टा होता, काळा, जाड. जखम नव्हती. तिच्या सहा परकरांच्या नाड्या काढून मी रुंद पट्टे ओवले आणि बजावलं, एक दिवस गाठ उजवीकडे, एक दिवस डावीकडे.

काल फोन आला होता. म्हणाली, “आज डावीकडे बांधली गं. पण सकाळपासून घरात काहीतरी विसरून आल्यासारखं वाटतंय.”